घातक रसायनांची आयात : नियम बंदरापर्यंत, धोका रोहण्यापर्यंत

वर्धा जिल्ह्यातले रोहणा हे आर्वी तालुक्यातले, पुलगाव-आर्वी मार्गावरचे, कापूस-सोयाबीन-तुरीचे गाव. रासायनिक कारखान्यांच्या नकाशावर ते कुठे दिसत नाही. तरी परदेशातून आलेले घातक रसायन या गावाला दोन वाटांनी गाठते. पहिली वाट कृषी केंद्राची. पराटीवर, म्हणजे कपाशीवर, मारायच्या औषधातला मूळ घटक अनेकदा चीनहून किंवा युरोपातून आलेला असतो. इथे त्याचे मिश्रण होते आणि बाटल्या भरल्या जातात. दुसरी वाट रस्त्याची. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि विरूळचा इंटरचेंज याच तालुक्यात आहे. मुंबईच्या बंदरांतून निघालेला टँकर आता रात्रीतून या भागात पोहोचू शकतो.

असा माल देशात येऊ देताना कोण काय तपासते आणि ती तपासणी कुठपर्यंत पुरते, हा प्रश्न सहसा आयातदार, कस्टम्स ब्रोकर आणि वकील यांच्यापुरता राहतो. पण त्याचे उत्तर भोगावे लागते ते साखळीच्या दुसऱ्या टोकाला. आपल्याकडे नियमांची कमतरता आहे असे मुळीच नाही. नियम भरपूर आहेत, मात्र ते मालाला देशात शिरण्याच्या क्षणी गाठतात. त्यानंतर माल गोदामात पडून राहतो, हात बदलतो, मिसळला जातो, फवारला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्याविषयीची माहिती गळत जाते. गेल्या काही दशकांतल्या दुर्घटना ओळीने मांडल्या, तर त्यातल्या बहुतेक या गळतीच्या जागी झालेल्या दिसतात.

एक माल, अनेक दारे

भारतात 'घातक रसायन' आणायचे म्हणून जाण्याची एकच खिडकी नाही. रसायन कशासाठी वापरणार, यावर दार ठरते. कीटकनाशक असेल तर कृषी मंत्रालयाखालचे केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती. त्यांचे कार्यालय फरीदाबादला. स्फोटकाच्या व्याख्येत बसत असेल तर नागपूरची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे 'पेसो'. ॲसेटिक अनहायड्राइड किंवा इफेड्रिनसारखे, अमली पदार्थ बनवण्याकडे वळवता येईल असे द्रव्य असेल तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोची ना-हरकत. ओझोनला मारक वायू असेल तर २००० सालचे वेगळे नियम, रासायनिक अस्त्रांच्या यादीतले असेल तर त्याच वर्षीचा वेगळा कायदा, टाकाऊ माल असेल तर २०१६ चे घातक कचरा नियम.

या सगळ्यांच्या अलीकडे प्रत्येक आयातदाराला लागणाऱ्या गोष्टी आहेतच: विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक, मालाचा एचएस कोड, आयात धोरणात तो माल खुला आहे, निर्बंधित आहे की बंद, याची खातरजमा, आणि शेवटी कस्टम्सकडे भरायची बिल ऑफ एंट्री. २०१६ पासून 'स्विफ्ट' नावाच्या एक-खिडकी व्यवस्थेत वेगवेगळ्या खात्यांचे प्रश्न एकाच अर्जात विचारले जातात. खेटे कमी झाले, वेळ वाचला. मात्र खाती एक झाली नाहीत, त्यांचे अर्ज तेवढे एकत्र आले.

उपयोगावरून दार ठरवण्यात एक मूलभूत अडचण आहे. माल देशात आला की त्याचा उपयोग बदलू शकतो. घातकपणा बदलत नाही. मिथेनॉल घ्या. रंग, फॉर्मल्डिहाइड, औषधनिर्मिती अशा शेकडो ठिकाणी ते लागते आणि भारताची बहुतांश गरज आयातीतूनच भागते. आयातीच्या कागदावर ते 'औद्योगिक द्रावक' असते. तेच मिथेनॉल जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत गावठी दारूत मिसळले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. आयातीच्या टप्प्यावर कुणी नियम मोडला, असे इथे म्हणता येत नाही. टँक टर्मिनलपासून छोट्या व्यापाऱ्याच्या ड्रमपर्यंत जाताना ते कुणाच्या हाती पडते, याची सलग नोंद मात्र कुणाकडेच नव्हती.

भोपाळनंतरचा पाया

रसायनांच्या आयातीचा सर्वसाधारण कायदा भोपाळच्या राखेतून आला. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम आले. पुढच्या दुरुस्त्यांनी त्यातली यादी ६८४ रसायनांपर्यंत गेली.

यातला नियम १८ आयातीचा. माल येण्याच्या ३० दिवस आधी, ते जमलेच नाही तर शक्य तितक्या लवकर, पण फार तर माल येईल त्या दिवसापर्यंत आयातदाराने संबंधित प्राधिकरणाला कळवायचे. कळवायचे काय? भारतात माल घेणाऱ्याचे नाव-पत्ता, कोणत्या बंदरात उतरणार, तिथपर्यंत कसा येणार, रसायन कोणते आणि किती, आणि त्याची संपूर्ण सुरक्षाविषयक माहिती. माल सुरक्षित नाही असे वाटले तर आयात थांबवण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. बंदराला सूचना द्यायची, आयातदाराने ठरल्या नमुन्यात नोंदी ठेवायच्या, पुढची वाहतूक मोटार वाहन नियमांप्रमाणे करायची, हेही तिथेच लिहिले आहे.

नियम वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, हे कळवणे आहे, परवाना नव्हे. समोरून हरकत आली नाही तर माल येतो. दोन, नियमांचा खरा भार साठ्याच्या प्रमाणावर आहे. ठरावीक उंबरठ्याच्या वर साठा असेल तर तो कारखाना 'मोठ्या अपघाताचा धोका असलेला' ठरतो. मग सुरक्षा अहवाल, कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा, जिल्हा प्रशासनाचा बाहेरचा आराखडा हे सगळे लागू होते. १९९६ च्या नियमांनी त्यासाठी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट ठरवून दिले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पण एकाच मालाचे उंबरठ्याखालचे दहा साठे दहा गोदामांत असले, तर त्यातल्या बऱ्याच तरतुदींचा त्यांच्याशी संबंध येत नाही. ग्रामीण भाग आणि तालुक्याची गावे याच 'उंबरठ्याखालच्या' जगात राहतात.

टँकरवरची पाटी

साखळीतली एक जागा मात्र अशी आहे, जिथे माहिती मालाबरोबरच चालते आणि रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येते. १९८९ च्याच केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२९ ते १३७ हे नियम घातक मालाच्या वाहतुकीचे आहेत. टँकरच्या बाजूला आणि मागे एक पाटी असते. तिच्यावर रसायनाचे नाव, कोनावर उभ्या चौकोनातले धोक्याच्या वर्गाचे चिन्ह, माल पाठवणाऱ्याचा आणि तज्ज्ञ सल्ल्याचा फोन क्रमांक आणि संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक असतो. १२३० म्हणजे मिथेनॉल. १००५ म्हणजे निर्जल अमोनिया. १०१७ क्लोरीन, २०५५ स्टायरीन, १९४२ अमोनियम नायट्रेट. चालकाला वेगळे प्रशिक्षण लागते, लायसन्सवर तशी नोंद लागते, केबिनमध्ये लेखी सूचना ठेवाव्या लागतात.

टँकर उलटला तर पहिल्यांदा पोहोचतात ते गावकरी. पाटीवरचा क्रमांक लांबूनच वाचून पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोनवर सांगितला, तर वाऱ्याच्या कोणत्या बाजूला थांबायचे, पाणी मारायचे की नाही, हे काही मिनिटांत ठरू शकते. त्याऐवजी सांडलेला माल भरून न्यायला कॅन घेऊन धावणारी गर्दीच आपल्याकडे अनेक अपघातांत दिसली आहे. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना हे पाच-दहा क्रमांक माहीत करून द्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

कीटकनाशकांचा वेगळा संसार

रोहण्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा कायदा म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्याच्या मागेही वाहतुकीतलीच एक दुर्घटना आहे. १९५८ मध्ये केरळात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने मेली. 'फॉलिडॉल' या नावाने येणारे पॅराथिऑन आणि खाण्याचे पीठ एकाच जहाजातून नेले गेले, डबे गळले आणि विष पिठात उतरले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला आणि त्या मंथनातून पुढे दहा वर्षांनी कायदा आला.

या कायद्याखाली नोंदणीशिवाय कोणतेही कीटकनाशक आयात करता येत नाही आणि बनवताही येत नाही. नवे रसायन आणणाऱ्याला कलम ९(३) खाली विषारीपणा, परिणामकारकता, पिकात उरणारा अंश अशी सविस्तर माहिती द्यावी लागते. दुसऱ्याने आधीच नोंदवलेले औषध आणणाऱ्याला कलम ९(४) चा सोपा रस्ता असतो. मूळ घटक आणायचा की तयार औषध, कोणत्या कारखान्यातून, कोणत्या शुद्धतेचे, हे नोंदणी प्रमाणपत्रावर असते. कस्टम्सचा अधिकारी तेच प्रमाणपत्र मागतो. कीटकनाशक कोणत्या बंदरांतून आणता येईल, तेही १९७१ च्या नियमांत ठरलेले आहे.

हे सगळे शेवटी एका लेबलवर येऊन थांबते. कृषी केंद्रातली बाटली हातात घेतली की तिच्यावर नोंदणी क्रमांक, उत्पादन परवाना, बॅच, तयार केल्याची आणि मुदत संपल्याची तारीख, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव दिसते. त्याशेजारी कोनावर उभा एक चौकोन, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अतिविषारी: प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारायला तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत पुरे. पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५,०००, हिरवा त्याहून वर. लाल आणि पिवळ्यावर 'विष' हा शब्द, लालवर कवटीही. सूचना बारीक अक्षरांत आणि अनेक भाषांत, घडी घातलेल्या पत्रकावर.

ही माहिती एका औषधाची, ठरावीक मात्रेची आहे. शेतात मात्र एका पंपात दोन-तीन औषधे, वर विद्राव्य खत आणि टॉनिक असे मिश्रण होते. त्या मिश्रणाची नोंदणी कुणी केलेली नसते आणि त्याचा रंगही ठरलेला नसतो. फवारणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो आणि बाटली मालकाच्या घरी राहते. आयातीच्या वेळी जमवलेल्या शेकडो पानांतली एक ओळही त्या माणसापर्यंत गेलेली नसते.

यवतमाळ, २०१७

हे फक्त कल्पनेतले भय नाही, हे वर्ध्याच्या शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झाले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन किमान २० जणांचा जीव गेला आणि ८०० हून अधिक शेतकरी-शेतमजूर रुग्णालयात भरती झाले. त्या वर्षी पराटी डोक्याच्या वर गेली होती, गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणे सोडले होते, हवा दमट होती, आणि बॅटरीवरच्या नव्या पंपांचा फवारा धुक्यासारखा बारीक होता. उंच पिकात वरच्या बाजूला मारलेले औषध माणसाच्या तोंडावर, छातीवर, श्वासात परत येत होते.

सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थिऊरॉन, तसेच प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड ही दोन मिश्रणे, अशा पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळसह पश्चिम विदर्भात ६० दिवसांची बंदी घातली गेली. साठच दिवस का? कारण राज्याला कायद्याने तात्पुरत्या बंदीचा मुळात तेवढाच अधिकार आहे, चौकशी लांबली तर फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी, नोंदणी रद्द करणे, आयात थांबवणे हे सगळे केंद्राच्या हातात. माणसे मरतात त्या जिल्ह्याच्या प्रशासनाला त्या मालाची दिल्लीतली वाट अडवता येत नाही.

डॉक्टरांचीही अडचण होती. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांवर ॲट्रोपिन आणि पॅम हे ठरलेले उपचार आहेत. डायफेन्थिऊरॉनवर खास उतारा नाही. रुग्णाने काय फवारले होते, हे नातेवाइकांना सांगता आले नाही की उपचार लक्षणांवर आणि अंदाजावर चालतात. म्हणजे नोंदणीच्या वेळी फरीदाबादला दिलेली विषशास्त्रीय माहिती सर्वांत जास्त जिथे हवी होती, त्या वॉर्डात ती नव्हती.

निर्यात करणाऱ्याचे काय?

याच प्रकरणाने प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. डायफेन्थिऊरॉन युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरातून केव्हाच बाद झाले होते. तरी २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधून ते ७५ टन भारतात आले, असे 'पब्लिक आय' या स्विस संस्थेने २०२० मध्ये तिथल्या सरकारी नोंदींच्या आधारे दाखवले. बाधित कुटुंबांच्या वतीने तिथे तक्रार झाली आणि सिंजेंटा कंपनीविरुद्ध बाझलमध्ये दिवाणी दावाही दाखल झाला. कंपनीने आपल्या उत्पादनाशी असलेला संबंध नाकारला. मात्र १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थिऊरॉन आणि प्रोफेनोफॉससह पाच कीटकनाशकांची निर्यात बंद केली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर यासाठी रॉटरडॅम करार आहे. १९९८ मध्ये तो मंजूर झाला, २००४ पासून अमलात आला आणि भारत २००५ मध्ये त्यात सामील झाला. त्याचे सूत्र साधे आहे: यादीतले रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची माहितीपूर्ण संमती हवी. पण यादीत नाव घालायला सगळ्या देशांचे एकमत लागते. क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसचे नाव वर्षानुवर्षे त्यामुळेच अडलेले आहे, आणि ॲस्बेस्टॉस मोठ्या प्रमाणात आयात करणाऱ्या देशांत भारतही आहे. डायफेन्थिऊरॉन त्या यादीत नव्हतेच, त्यामुळे संमती विचारण्याचा प्रश्न आला नाही. मोनोक्रोटोफॉस यादीत होते, पण ते देशातच बनत होते. भारताने त्याच्या ३६ टक्के द्रावणाला निरोप देण्याचा आदेश काढला तो सप्टेंबर २०२३ मध्ये, तोही बाजारातला साठा मुदतीपर्यंत विकू देऊन.

एंडोसल्फान या कीटकनाशकाचा इतिहास वेगळा. २०११ मध्ये चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारात त्याचे नाव आले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. मोठे निर्णय न्यायालयाच्या किंवा परदेशी सरकारच्या रेट्याने होतात आणि आपली नोंदणी व्यवस्था त्यांच्या मागून चालते, हे या तीन उदाहरणांतून दिसते. १९६८ चा कायदा बदलण्यासाठी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विधेयके संसदेत आली. दोन्ही कायद्याच्या रूपापर्यंत पोहोचली नाहीत.

कागद होता, मालक नव्हता

औद्योगिक रसायनांच्या बाबतीत महाराष्ट्राने दोन धडे बंदरातच घेतले. न्हावा-शेव्याला वंगण तेल म्हणून आलेल्या १३३ कंटेनरांत प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेल निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून नष्ट करायला सांगितले. हा खोट्या नावाचा प्रकार होता, आणि तो पकडला तरी गेला.

दुसरा प्रकार जास्त विचार करायला लावणारा आहे. १४ जुलै २०१० ला मुंबई बंदराच्या शिवडी भागातल्या हाजी बंदरला क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक जणांना त्रास झाला. क्लोरीनची नळकांडी वर्षानुवर्षे तिथे पडून होती. कुणी सोडवून नेली नव्हती. येताना त्यांचे कागद झाले होते. पुढे त्यांचा वाली कुणी उरला नाही, आणि लोखंड गंजायला परवानगी लागत नाही.

हीच गोष्ट १० वर्षांनी चेन्नईत दिसली. तिथे २०१५ मध्ये कस्टम्सने जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट मनालीच्या गोदामात पडून होते. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात असेच पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले, दोनशेहून अधिक माणसे मेली, आणि मग काही दिवसांत चेन्नईचा साठा हलवला गेला.

अमोनियम नायट्रेटचा कारभार नागपुरातून चालतो. १८९८ मध्ये स्फोटक विभाग म्हणून सुरू झालेल्या 'पेसो'चे मुख्यालय तिथे आहे. २०११ मध्ये ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणाला स्फोटक ठरवले गेले आणि २०१२ मध्ये स्वतंत्र नियम आले: आयातीला परवाना, साठ्याला परवाना, वाहतुकीला परवाना. बैरूतनंतर २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. माल बंदरातून थेट बंदर क्षेत्राच्या ५०० मीटरपलीकडच्या गोदामात न्यायचा, आणि जप्त माल लिलाव करून लवकर निकाली काढायचा. विदर्भातल्या कोळसा खाणींना या मालाची सतत गरज असल्याने ही दुरुस्ती आपल्या भागाला थेट लागू पडते. तिचे खरे महत्त्व असे, की तिने पहिल्यांदाच परवानगीबरोबर काळाचाही विचार केला. क्लोरीन, ॲनिलिन किंवा टोल्यूइन डायआयसोसायनेटचा (टीडीआय) सोडून दिलेला कंटेनर किती दिवसांत हलवायचा, याचे इतके स्पष्ट उत्तर आजही नाही.

विशाखापट्टणमची दुर्घटनाही याच मालिकेतली. ७ मे २०२० च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि १२ जणांचा जीव गेला. भारतात तेव्हा स्टायरीन बनतच नव्हते; सगळे आयात. टाळेबंदीत टाकी भरून उभी राहिली, तापमान वाढत गेले, आणि द्रव आपोआप घट्ट होण्याची क्रिया रोखणारे द्रव्य कमी पडले. आयातीच्या कागदांचा प्रश्न त्या आधीच मिटलेला होता.

छोट्या आयातदाराचे गणित

उद्योगाची बाजूही ऐकायला हवी. भिवंडीत किंवा बुटीबोरीत बसून महिन्याला एक-दोन कंटेनर आणणाऱ्या व्यापाऱ्याला या सगळ्या दारांशी एकट्याने निभवावे लागते. त्याची सर्वाधिक धावपळ बहुतेक वेळा सुरक्षिततेपायी नसते, ती शुल्क आणि दर्जा यांच्यापायी असते. २०१८-१९ पासून कॉस्टिक सोडा, ॲसेटिक ॲसिड, मिथेनॉल, ॲनिलिन अशा रसायनांवर दर्जा नियंत्रण आदेश येत गेले. आदेश लागू असेल तोवर परदेशी कारखान्याने भारतीय मानक ब्युरोचा परवाना घेतल्याशिवाय त्याचा माल येऊ शकत नाही. दर्जा सांभाळायचा आणि स्वस्त माल रोखायचा, हे त्यामागचे हेतू. २०२५ च्या अखेरीस अशा काही आदेशांना सरकारनेच रजा दिली. पण शुद्ध मिथेनॉल अशुद्ध मिथेनॉलइतकेच विषारी असते. दर्जाच्या शिक्क्याचा घातकपणाशी संबंध नाही, आणि आयातदाराचा वेळ-पैसा मात्र त्यावरच जास्त जातो. सुरक्षा माहितीपत्रक मग परदेशी पुरवठादाराने पाठवले तसे, इंग्रजीत, फाइलला लागते.

मोजदाद आधी

या सगळ्याच्या तळाशी एक साधा अभाव आहे. देशात कोणती रसायने किती प्रमाणात आहेत, याची एकत्रित नोंदवही आपल्याकडे नाही. युरोपीय संघाने २००७ मध्ये 'रीच' हा कायदा आणला: वर्षाला एक टनाहून जास्त रसायन बनवायचे किंवा आणायचे असेल, तर त्याच्या धोक्याची माहिती देऊन नोंदणी करा, नाहीतर बाजार बंद. माहिती जमवण्याचा भार सरकारवरून उद्योगावर गेला. दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये तीच वाट धरली. भारतातही रसायन व्यवस्थापन आणि सुरक्षा नियमांचा मसुदा तयार झाला. २०२० मधल्या मसुद्यात एक टनाची मर्यादा, सुमारे ७५० अग्रक्रमाच्या रसायनांची नोंदणी आणि १९८९ व १९९६ चे नियम त्यात सामावून घेणे असे सगळे होते. तो अजून नियमाच्या रूपात आलेला नाही.

एक पाऊल मात्र गाजावाजा न होता पडले आहे. २०२३ पासून कस्टम्सने रसायनांच्या बिल ऑफ एंट्रीत शास्त्रीय नाव आणि कॅस क्रमांक सक्तीचा केला. कॅस क्रमांक हा प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा एकमेव क्रमांक: मिथेनॉल ६७-५६-१, स्टायरीन १००-४२-५. व्यापारी नाव बदलले, कंपनी बदलली, उपयोग बदलला तरी तो बदलत नाही. यामुळे बंदरावर निदान कोणता पदार्थ आत आला हे नेमके कळू लागले. पण तो क्रमांक कस्टम्सच्या संगणकातच थांबतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, कृषी विभाग आणि आरोग्य विभाग आपापल्या यादीत आपापली नावे वापरत राहतात.

पुढे काय

नियमांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. तीन गोष्टी आधी कराव्या लागतील. पहिली: बंदरावर नोंदलेला क्रमांक मालाच्या पुढच्या प्रत्येक हातापर्यंत जायला हवा, गोदामाच्या पावतीवर, व्यापाऱ्याच्या बिलावर आणि औषधाच्या बाटलीवरही. म्हणजे रुग्णालयाला बाटलीचा फोटो पाहून विष ओळखता येईल आणि तोच क्रमांक सांगून एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला विचारता येईल. दुसरी: न सोडवलेल्या किंवा जप्त झालेल्या घातक मालाला, मग तो कोणताही असो, ठरलेली मुदत आणि ठरलेला जबाबदार अधिकारी हवा. अमोनियम नायट्रेटसाठी जे जमले, ते क्लोरीनसाठी जमायला हरकत नाही. तिसरी: विषबाधा जिथे होते त्या राज्याला ६० दिवसांनंतरही बोलता आले पाहिजे. जिल्ह्याने पाठवलेल्या मृत्यूच्या नोंदींवर नोंदणी समितीने ठरावीक वेळेत फेरविचार करणे बंधनकारक असले, तर २०१७ सारख्या हंगामाचा परिणाम दोन महिन्यांत विरून जाणार नाही.

यातले काही गावपातळीवर आजच होऊ शकते. फवारणीच्या हंगामात सहायक कृषी अधिकाऱ्याने कोणत्या औषधावर काय उतारा, आणि कशावर नाही, याची मराठी यादी कृषी केंद्रात आणि आरोग्य केंद्रात लावावी. दुकानदाराने बिलावर फक्त कंपनीचे नाव न लिहिता मूळ घटकाचे नावही लिहावे. मजुराला पंप देण्याआधी मालकाने लेबलवरचा रंग दाखवावा आणि दोन औषधे एकत्र करू नयेत.

नवे रसायन नियम कधीतरी येतील. दिल्लीत त्यांवर चर्चाही होईल. ते चांगले की वाईट हे परवान्यांच्या संख्येवरून किंवा दंडाच्या रकमेवरून ठरवू नये. न्हावा-शेव्याला उतरलेल्या मालाची ओळख रोहण्याच्या दुकानात तशीच शाबूत आहे का, माल पडून राहिला तर जाब कुणाला विचारायचा हे लिहिलेले आहे का, आणि माणूस दगावला तर ती बातमी नोंदणी समितीच्या टेबलावर पोहोचते का, एवढे तीन प्रश्न विचारले की नियमाची किंमत कळेल.